उन्हात घातलेली रेकॉर्ड

गाण्याची रेकॉर्ड उन्हात वाळत घालणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. कुरडयांच्या शेजारी, पत्र्यावर, दिवसभर सावली येणार नाही अशी जागा बघून घातली. मधे उठून उलटीसुद्धा केली, दोन्ही अंगांना सारखं ऊन लागावं म्हणून. माझं वय तेव्हा परकर सुटून साडी लागण्याच्या मधलं होतं आणि अक्कल त्याच्याही बरीच अलीकडे थांबलेली होती. सातवी पास झालेली अख्ख्या वाडीतली मी एकटी पोरगी, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण आपल्याला ठाऊक आहे अशी माझी ठाम समजूत होती. आता नातवंडांनी काही विचारलं की मी "मला नाही बाई कळत" म्हणून मोकळी होते. लोकांना तो नम्रपणा वाटतो. नम्रपणा कसला, एकदा कळलं होतं त्याचा दणका अजून अंगातून गेलेला नाही.

आमचं घर पानशेतच्या पाण्याच्या वरच्या अंगाला होतं. चांगली भाताची खाचरं धरणात गेली आणि आमच्या वाट्याला डोंगरउताराचं रान उरलं, नाचणी-वरई पिकवण्यापुरतं. आबा ओट्यावर बसून पाण्याकडे बोट करायचे आणि "तितं आपला बांध हुता, त्येच्या अंगाला आंबा" असं सांगायचे. पाण्यात काय दिसणार? पण आम्ही माना डोलवायचो. सकाळी पलीकडच्या वाड्यांची माणसं घेऊन लाँच निघायची, तिच्या इंजिनाचा टकटकाट डोंगराला आपटून परत यायचा, तेच आमचं घड्याळ. आई चुलीपाशी नाचणीच्या भाकरी थापायची. सोबत हुलग्याचं पिठलं, पावसाळ्यात ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा, उन्हाळ्यात करवंदांची चटणी. त्या रश्शात आई काय घालायची ते मी तिला विचारून ठेवलं नाही, आणि आता माझ्या हातचा रस्सा खाताना मीच तोंड वाकडं करते.

माझ्याहून मोठा भाऊ वसंता. त्याला मी दादा म्हणायची, पण मान काही द्यायची नाही. पाण्याकाठी पुण्याच्या एका डॉक्टरांचा सुट्टीचा बंगला होता, तिथं दादा झाडांना पाणी घालायला आणि होडी धुवायला जायचा. डॉक्टरांच्या मुलाला आम्ही धाकटे डॉक्टर म्हणायचो, जरी तो डॉक्टर झालेला नव्हता आणि होईल अशी त्याची लक्षणंही नव्हती. केस मानेवर, दाढी वाढलेली. आईला वाटायचं त्याला घरात कुणी जेवायला घालत नाही. तो परदेशी निघाला तेव्हा जाताना त्याने दादाला एक लाल पेटी दिली, टॉर्चच्या सेलवर चालणारी, आणि तिच्यावर वाजवायची एकच एक रेकॉर्ड. वर चित्राचं पाकीट, त्यावर नुसतं जळकं झाड आणि मागे बारीक इंग्रजी. रॉक म्हणतात असल्या गाण्यांना, त्याने सांगितलं. दादाने तो शब्द घरापर्यंत तोंडात धरून आणला.

आणखी एक गोष्ट धाकट्या डॉक्टरने सांगितली होती, ती दादाने आम्हाला जेवताना त्याच्या पुणेरी बोलीची नक्कल करत सांगितली. "वसंता, पहिली बाजू कधीही ऐक, भांडी घासताना ऐक. पण दुसरी बाजू घाईत ऐकू नकोस. शांत बसून, एका दमात, मधे न थांबवता. खरी गंमत तिथं आहे."

पहिल्या बाजूने आमची वाडी ढवळून काढली. सुरुवातीला कुणीतरी पत्रा ओढल्यासारखा आवाज, मग ढोल, मग एक माणूस जो ओरडायला लागायचा तो थांबायचाच नाही. आबा दारातून आत आले आणि म्हणाले, "ह्यो बाबा वरडतुया कशापायी? कुनी मेलं का त्येचं?"

"न्हाई आबा, त्येचं तसंच हाय," दादा म्हणाला.

"मग डोंगरावर जाऊन वरड म्हणावं. हितं म्हस पानवायची न्हाई."

म्हैस पान्हवली. आणि महिना-पंधरा दिवसांत आबाच बैलांच्या मागे ते ओरडणं गुणगुणायला लागले. विचारलं की म्हणायचे, छे, मी कुठं. दादाला शब्द कळायचे नाहीत, मला सातवी पास असून कळायचे नाहीत, तरी आम्ही दोघं सगळी बाजू म्हणायचो, आपल्याच कसल्या तरी शब्दांत. आईला एकच गाणं आवडायचं, हळू होतं ते. त्या गाण्याला ती भाकरी थापण्याचा हात संथ करायची, आणि मग भाकरी जाड व्हायची, आणि मग आबा ओरडायचे.

दुसरी बाजू मात्र दादाने राखून ठेवली. घरात पाहुणे नसावेत, लाँचचा आवाज नसावा, म्हशीची धार झालेली असावी. असं करता करता एके संध्याकाळी त्याने मुहूर्त काढला. आम्हाला ओळीने बसवलं. सुई टेकवली. आणि आतून जे निघालं ते म्हणजे थकल्या रेड्याने सुस्कारा सोडावा तसं काहीतरी, जाड आणि खालून खालून येणारं. दादाने पटकन सुई उचलली.

"सेल उतरलं," तो म्हणाला. "अशी न्हाई ऐकायची. नवं सेल आणतो, मग."

वाचणाऱ्या तरुण मंडळींना आता एक सांगावं लागेल. आमच्याकडे सेल उतरले की फेकत नसत. ते काढून उन्हात मांडायचे. दोन दिवस कडक ऊन खाल्लं की सेलांना पुन्हा धुगधुगी यायची, बॅटरी निदान गोठ्यापर्यंत उजेड द्यायची. हे सगळे करायचे, शिक्षकही करायचे. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याचा बाजार होता, दादा खिंड ओलांडून नवे सेल आणायला पहाटे निघून गेला. जाताना म्हणाला, "सुबे, जुनं सेल उन्हात घाल. नव्यासंगं कामाला येतील." एवढंच म्हणाला तो. पुढचं माझं डोकं.

माझा विचार असा होता: सेल उतरले तसा गाण्याचा आवाज उतरला. पण पहिली बाजू इतके दिवस वाजली तेव्हा तिचा आवाज नाही उतरला, दुसरीचा पहिल्याच दिवशी उतरला. म्हणजे दुसरी बाजू वापराविना दमट झाली असणार. पाण्याकाठचं घर, धान्यालासुद्धा बुरशी धरायची. ऊन दिलं की सेलात जोर येतो, डाळीतली कीड जाते, गोधडीचा वास जातो, तर रेकॉर्डचं भलं का होणार नाही? अशी ही सातवी पास बुद्धी. मी आईला विचारलंही. आई कुरडया घालत होती, तिचे हात चिकाने भरलेले. ती वर न बघता म्हणाली, "घाल की. पण कुरडईला लागू दिऊ नगं. आन् मधी उलटव, न्हाईतर एकाच अंगाला ऊन लागल."

मी फडक्याने पत्रा पुसला. रेकॉर्ड ठेवली, तिच्याभोवती सेल गोल मांडले. देवघरात मांडतात तसं ते छान दिसत होतं. वैशाखाचं ऊन, पत्र्यावर पाय ठेववत नव्हता. मी आत जाऊन झोपले, उठून ती उलटवली, तेव्हा ती हाताला जरा मऊ लागली. मला वाटलं, मुरतेय.

दादा दिवस कलताना आला, घामाने न्हालेला, कुडाच्या पानात करवंदं बांधून आणलेली माझ्यासाठी. मी त्याला दारातच गाठलं. "दादा, म्या समदं उन्हात घातलंया. आता बघ कशी ठणठणीत म्हणती ती." त्याला आधी उमगलं नाही. तो ओट्याला वळसा घालून पत्र्यापाशी गेला. रेकॉर्डच्या कडा वर उचलल्या गेल्या होत्या, कोशिंबीर वाढावी अशी उथळ वाटी तयार झाली होती. आबाही आले, त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पापडावानी झालीया." आई म्हणाली, "तरी पोरीला म्हनलं हुतं, उलटवत जा."

दादाने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या काळी भावाने बहिणीला दोन ठेवून देणं फार अवघड नव्हतं, आणि मीही ओरडून, रडून, आईच्या मागे लपून ते संपवलं असतं. त्याने करवंदांचं पान माझ्या हातात दिलं आणि रेकॉर्ड उचलून आत नेली. मी ती करवंदं खाल्ली. सगळी. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, रेकॉर्डची पुष्कळांना सांगितली आहे.

मग तिला सरळ करायचे उपाय झाले. दोन पाटांत दाबून वर जात्याची तळी ठेवली. निखाऱ्याच्या इस्त्रीने फडक्यावरून शेकली, त्यात कडेला एक चीर गेली. शेवटी नवे सेल घालून लावली. पहिली बाजू वाजली, कशीबशी. सुई लाटेवरच्या होडीसारखी वरखाली व्हायची आणि तो ओरडणारा माणूस हेलकावे खात ओरडायचा, फेरीगणिक चिरेवर टक् करत. आम्हाला त्याचीही सवय झाली, पुढे आम्ही गाणं म्हणताना तोंडाने टक् पण करायचो. पण उलटी घातली की वाटी पालथी. सुई टेकली की घसरून बाहेर. दादाने तिच्यावर पैसा ठेवून पाहिला, बोटाने धरून पाहिली. बाहेरच जायची. खूप वेळ तो ते करत होता. मग त्याने पेटीचं झाकण लावलं, कुलूप लावतात तसं, दाबून.

तसली दुसरी रेकॉर्ड मिळवली का नाही, असं मला माझी नात विचारते. कुठून मिळवायची? दादा एकदा पुण्याला जाऊन एका दुकानात ते चित्राचं पाकीट दाखवून आला. दुकानदार म्हणाला, हे आपल्याकडे येत नाही, बाहेरून मागवावं लागेल. धाकट्या डॉक्टरांचा पत्ता कुणाला माहीत नव्हता, बंगलाही पुढे विकला गेला. जग तेव्हा फार लांब होतं. खिंडीच्या पलीकडे वेल्हे, तेच आम्हाला लांब.

आणि मग दादाला नवा नाद लागला. तो दुसरी बाजू स्वतःच करायला लागला. म्हशी पाण्यावर नेल्या की काठावरच्या खडकावर बसायचा आणि त्या रेड्याच्या सुस्काऱ्यापासून सुरू करायचा, कारण तेवढाच त्याने ऐकला होता. तिथून पुढे काय असेल याचा अंदाज. एक गाणं झालं की दुसरं. खडकावर तळव्याने ठेका, जीभ टाळूला लावून कसलेसे आवाज, मधेच खूप वेळ गप्प, मग एकदम वर. मी धुणं घेऊन गेले की मला बसवून घ्यायचा.

"सुबे, ही बघ कशी वाटती. अशीच आसंल का गं ती?"

"व्हय व्हय. इंग्रज रडत्याल ह्यो रेडा ऐकून."

"नीट ऐक की जरा."

"म्या कान धुतल्यात आत्ताच, घाण नगं करू."

आणि मी कानात बोटं घालून मोठ्याने हंबरायचे, म्हशींनासुद्धा ते आवडायचं नाही. मला वाटायचं, किती विनोदी आहोत आपण. त्या शहाण्या सुबीला आज माझ्यापुढे उभं केलं तर मी तिच्या कानातली बोटं ओढून काढीन. तो कैक दिवस ते म्हणत होता, रोज थोडं पुढे नेत होता, आदल्या दिवशीचं बदलत होता. मला त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण आठवतं. खडकाला चिकटलेले शिंपले आठवतात, ओल्या म्हशींचा वास आठवतो, पाण्यावरून परत येणारा त्याच्या टाळीचा आवाजसुद्धा आठवतो. त्याने म्हटलेलं एक कडवं, एक ओळ, एक वळण आठवत नाही. मी फार प्रयत्न करून पाहिला आहे, पिठलं ढवळताना, देवापुढे बसून, एसटीत खिडकीपाशी. तिथं काहीच नाही. आबा पाण्याकडे बोट करून आंबा दाखवायचे तसं होतं.

माझं लग्न भोरला ठरलं. रुखवत मांडलं होतं, आईने केलेल्या करंज्या, कुरडया, शेवयांचे भारे, मण्यांचा मोर. त्या सगळ्याच्या मधोमध दादाने ती रेकॉर्ड आणून ठेवली, तिच्या खोलगट वाटीत करंज्या रचून. सासूबाईंनी उचलून पाहिली, खालून-वरून, आणि विचारलं, "ह्ये कशाचं ताट म्हणायचं?" दादा हात जोडून गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मावशी, आमच्या सुबीनं स्वतः घडवलंया. लई गुणाची पोर हाय." सगळा मांडव माझ्या कलाकुसरीचं कौतुक करत होता आणि मी मुंडावळ्यांच्या आड दातओठ खात होते. तेवढा एक सूड घेतला त्याने, हसत हसत. त्यानंतर तो विषय त्याच्या तोंडून निघाला नाही.

दादा त्याच सालात भोरच्या अलीकडे, वरव्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागला आणि पुढे घरही तिथंच केलं. तिथं लोखंडी पत्रे दाबून त्यांचे काहीबाही भाग काढायचे, यंत्राचा दणका असा की बाहेर रस्त्यावर चहाच्या कपात लाटा यायच्या. कानात घालायला कुणी काही द्यायचं नाही, आणि दिलं असतं तरी कुणी घातलं नसतं. मी रेकॉर्ड वाकवली म्हणून तो कारखान्यात गेला असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं करणं आहे. डोंगरावरच्या नाचणीवर दोन घरं चालत नव्हती म्हणून गेला. माझ्या रेकॉर्डने काही झालं नाही, न झालेलं एक कायमचं न झालेलं राहिलं, एवढंच. आधी त्याला पाखरं ऐकू येईनाशी झाली. मग बायकांचे आवाज, तेव्हा आम्ही थट्टा केली. मग पोरांची भांडणं, दाराची कडी, पाऊस. कॅसेटी आल्या, बाजारातल्या दुकानादुकानांतून गाणी वाजायला लागली, तोवर त्याच्यासाठी सगळी दुकानं मुकी झाली होती. कानाचं यंत्र आणलं, ते लावलं की त्याला नुसती घरघर यायची. "शेडमधल्यावानी," म्हणाला, आणि काढून कोनाड्यात ठेवलं.

ती रेकॉर्ड माझ्या घरी तांदळाच्या डब्यावर पालथी पडून होती. झाकण म्हणून उत्तम, उंदीर सरकवू शकत नाही. इतकी वर्षं तिच्या मधोमध चिकटवलेल्या नावाच्या गोल चिठ्ठीवर तांदळाची भुकटी बसली होती. गेल्या दिवाळीत माझी नात रेवा पुण्याहून आली, खिचडी टाकायला तिने डबा उघडला आणि झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिली. ओढणीने चिठ्ठी पुसली, वाचली.

"आजी, तुला माहितीये का हे काय आहे?"

"झाकण."

"अगं, ही कुठली रेकॉर्ड आहे माहितीये?"

मग तिने मोबाईल काढला. मी तांदूळ निवडायला घेतले होते, आणि ती एकेक वाचून मला मराठीत सांगत होती. की ही जगातल्या थोर अल्बमांपैकी एक समजतात. की निघाली तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली होती, नुसता आरडाओरडा आहे, डोकं दुखतं, असं लिहिलं होतं. पुढे त्यातल्याच काहींनी शब्द मागे घेतले. मला हसू आलं. वेल्ह्याच्या डोंगरातला पहिला जाणकार म्हणजे माझा बाप, त्याने पहिल्या दिवशी हेच म्हटलं होतं आणि महिन्याभरात बैलांच्या मागे शब्द मागे घेतले होते. रेवा पुढे वाचत होती. अजून यावर पुस्तकं निघतात, माणसं वाद घालतात, पुढे कुणी कुणी काय काय यातून उचललं त्याचा हिशेब मांडतात. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे, ती म्हणाली. पहिली बाजू बरी आहे. थोर आहे ती दुसरी. कुणीतरी म्हटलंय की पहिली बाजू म्हणजे नुसता उंबरा, घर पुढे आहे.

माझ्या हातातला खडा ताटात पडला. मी म्हटलं, "लाव."

"आत्ता?"

"लाव म्हणते ना. आणि मधे थांबवू नकोस."

किती सोपं होतं. तिने बोट टेकवलं. खिंड नाही, बाजार नाही, सेल नाहीत. आणि सुरुवात ऐकून मला कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं, कारण तिथं रेडाबिडा काही नव्हता. एखादी पोर घाटाच्या पायऱ्या धावत उतरावी तसा हलका, झरझर आवाज होता तो. दादाने सगळी दुसरी बाजू ज्या सुस्काऱ्यावर उभी केली होती, तो नुसत्या उतरलेल्या सेलांचा होता. पुढचं मी वर्णन करत नाही, ज्यांना कळतं त्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे आणि मला त्यातला एक शब्द खोडता येणार नाही. संपलं तेव्हा रेवा माझ्याकडे बघत होती. ताटातले तांदूळ निवडलेले कुठले आणि न निवडलेले कुठले ते कळत नव्हतं, मी सगळे पुन्हा एकत्र केले होते. एवढं चांगलं असेल असं मला वाटलं नव्हतं. मनातून मी इतकी वर्षं धरून चालले होते की असेल आपलं साधंच काहीतरी.

दोन दिवसांनी आम्ही वरव्याला गेलो. एसटीत मी ठरवलं होतं, खोटं बोलायचं. दादा अंगणात सुनेने दिलेल्या पावट्याच्या शेंगा सोलत बसला होता. आता तो माझ्या ओठांवरून माझं बोलणं वाचतो, घरच्यांपेक्षा माझं जास्त कळतं त्याला, कारण मी तोंड मोठं करून भांडल्यासारखं बोलते.

"दादा, ती दुसरी बाजू घावली."

त्याला एका फटक्यात कळलं. कुठली दुसरी बाजू, हे त्याने विचारलं नाही.

"कुठं?"

"मोबाईलमधी. हिच्या."

"सुई न्हाई लागत व्हय?"

"न्हाई."

"मग मोबाईल उन्हात घाल एकदा," तो म्हणाला आणि रेवाकडे बघून हसला. दात राहिले नाहीत, हसू तेच.

मी म्हटलं, "ऐकली म्या. काय दम न्हाई तिच्यात. उगा बोभाटा. तू कायबी गमावलं न्हाईस."

पण रेवाला मी सांगून ठेवायला विसरले होते. तिने ते जाणकारांचं सगळं आधीच मराठीत, मोठ्या अक्षरांत करून ठेवलं होतं, तो मोबाईल तिने त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा लावला. बोट फिरवत सावकाश वाचलं, उंबरा आणि घर इथपर्यंत. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी पावट्याची शेंग उचलून उगीच सोलायला लागले.

रेवाने एक छोटा गोल स्पीकर आणला होता, तो तिने त्याच्या मांडीवर ठेवला, त्याचा तळवा त्यावर दाबला आणि दुसरी बाजू लावली. अंगणातली कोंबडी दचकून पळाली. सून दाराशी आली. दादा डोळे मिटून बसला, तळवा पसरून, आणि मला क्षणभर वाटलं की काहीतरी होतंय. मग त्याने डोळे उघडले. "शेडमधल्या मशीनवानी हालतंया," तो म्हणाला, आणि स्पीकर उचलून पोरीच्या हातात परत दिला, जपून, फुटेल असा. "लई चांगलं हाय. बंद कर बाळा, सेल जळतील."

बराच वेळ आम्ही शेंगा सोलल्या. टोपलीत टरफलं साचली. मग त्याने हात झटकले, स्टूल माझ्यासमोर ओढून घेतलं, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि माझ्या तोंडाकडे, ओठांकडे नजर लावून बसला, खडकावर म्हशी राखत बसायचा तसा पुढे वाकून.

"त्येंची ऱ्हाऊ दे, सुबे," तो म्हणाला. "पान्यावर म्या म्हनायचो ती म्हन. माझी मला आठवंना झालीया, आन् तुझ्याबिगर कुनी ऐकली न्हाई. तू म्हन, तुझं तोंड बघून वळखीन म्या."